प्रिंटरला नेटवर्क कार्ड बसवल्यावर एरर येतात: कार्ड बदलण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसातला एचपी लेझरजेट ४२५० इतके दिवस यूएसबी वायरने एकाच कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि नीट चालत होता. सगळ्यांना प्रिंट काढता यावी म्हणून त्यात सेकंडहँड जेटडायरेक्ट ६२०एन हे नेटवर्क कार्ड बसवले. तेव्हापासून कधी स्क्रीनवर ८ने सुरू होणारा ‘ईआयओ एरर’ येतो (ईआयओ म्हणजे असे कार्ड बसते त्या स्लॉटचा प्रकार), कधी ४९चा एरर येऊन मशीन बंद-चालू करावे लागते, तर कधी मशीन ‘रेडी’ म्हणते आणि कॉम्प्युटर मात्र ते ‘ऑफलाइन’ दाखवतो. कार्ड बदलून घ्यावे का?

लगेच नको. या तीन तक्रारींची मुळे बहुतेक वेळा तीन वेगळ्या ठिकाणी असतात. पहिली कार्ड आणि मशीन यांच्या जोडणीतली, दुसरी मशीनकडे येणाऱ्या जॉबमधली (छापायला पाठवलेल्या कामातली) आणि तिसरी कॉम्प्युटरच्या पोर्ट सेटिंगमधली. तिन्हींचे खापर कार्डावर फुटते, कारण बदल तेवढाच झालेला असतो. नवे कार्ड आणले तर यातली फार तर एक तक्रार जाईल.

सुरुवात एकाच कृतीने करा. मशीन बंद करा, कार्डातली नेटवर्कची वायर काढा, कार्ड आतच राहू द्या, मग मशीन चालू करून दहा मिनिटे तसेच ठेवा. वायर नसतानाही ८चा एरर आला तर दोष कार्डात, स्लॉटमध्ये किंवा मशीनच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या कायमच्या प्रोग्राममध्ये) आहे. मशीन शांतपणे ‘रेडी’ला येऊन थांबले आणि वायर लावल्यावर मिनिटभरात ४९ आला, तर कार्ड जवळजवळ निर्दोष धरा. नेटवर्कवरून येणारे काहीतरी मशीनला पचत नाही आहे. ही चाचणी फुकट आहे आणि निम्मा शोध इथेच संपतो, म्हणून ती टाळून पुढे जाऊ नका.

आधी ८चा एरर. ईआयओ कार्ड चालू मशीनमध्ये काढता-घालता येत नाही. मशीन बटणाने बंद करून पुरत नाही, विजेची वायरही काढा आणि अर्धा मिनिट थांबा. कार्ड काढण्यापूर्वी मशीनच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. कार्ड कडांना धरा. पट्टीवरचे दोन्ही स्क्रू सोडवून कार्ड सरळ बाहेर ओढा, वाकडे करत ओढू नका. आता कार्डाचा कनेक्टर आणि स्लॉटची आतली बाजू टॉर्च लावून बघा. जुन्या लेझर मशीनमध्ये बारीक टोनर सगळीकडे बसलेला असतो, स्लॉटच्या कनेक्टरमध्येही. तो हवेच्या कॅनने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

कार्ड परत घालताना होणारी चूक अगदी ठरलेली आहे. कार्ड अर्धवट बसते आणि स्क्रू आवळले की पट्टी जागेवर आल्यासारखी दिसते, पण आतला कनेक्टर एका बाजूने मिलिमीटरभर बाहेर राहिलेला असतो. मशीन गरम झाले, कागद ओढताना थरथरले की संपर्क क्षणभर तुटतो आणि एरर येतो. त्यामुळे दोन्ही अंगठ्यांनी पट्टीच्या दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन कार्ड पूर्ण आत ढकला. पट्टी मशीनच्या पत्र्याला स्वतःहून टेकली पाहिजे. मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळा. स्क्रूने कार्ड आत ओढून घ्यायचे नसते, स्क्रू फक्त ते धरून ठेवतात.

दुसरा ईआयओ स्लॉट रिकामा असेल तर कार्ड त्यात लावून बघा. एरर कार्डासोबत तिकडे गेला तर कार्ड संशयित, पहिल्याच स्लॉटपुरता राहिला तर स्लॉट किंवा फॉरमॅटर बोर्ड (मशीनचा मुख्य सर्किट बोर्ड) संशयित. दुसऱ्या स्लॉटमध्ये हार्ड डिस्क असेल तर ती काढून फक्त नेटवर्क कार्डावर मशीन चालवा. कार्ड थंड असताना ठीक आणि अर्ध्या तासाने दर वेळी एरर, असा नेम दिसला तर कार्डावरचा एखादा भाग गरम झाल्यावर साथ सोडतो आहे. तिथे फर्मवेअर किंवा सेटिंगच्या मागे लागू नका, कार्ड बदला. मशीनचे फर्मवेअर फार जुने असेल तर कार्ड ओळखण्यातच अडचण येते. कॉन्फिगरेशन पानावर फर्मवेअरची तारीख छापलेली असते. ती बघून अपडेट करायचे ठरवले तर ते यूएसबीवरून करा. ज्या कार्डावर संशय आहे त्याच कार्डातून फर्मवेअर चढवणे धोक्याचे, मध्येच संपर्क तुटला तर मशीनच चालू होणार नाही.

एक खुलासा इथेच करतो. लेझरजेट ४, ४ प्लस, ५ अशा जुन्या मशीनमध्ये एमआयओ प्रकारचा स्लॉट असायचा. नंतरच्या ४००० मालिकेपासून ईआयओ आला. दोन्हींची कार्डे एकमेकांत चालत नाहीत, आकारच वेगळा. वापरलेल्या मालात ‘जेटडायरेक्ट’ एवढेच नाव बघून कार्ड घेतले जाते आणि मग ते स्लॉटमध्ये बसत नाही म्हणून जोर लावला जातो. बसत नसेल तर थांबा.

‘४० ईआयओ बॅड ट्रान्समिशन’ आणि ‘२२ ईआयओ बफर ओव्हरफ्लो’ हे दोन संदेश ८च्या एररसारखे गंभीर नाहीत. पहिल्याचा अर्थ कार्डाशी चाललेली देवाणघेवाण मध्येच तुटली, दुसऱ्याचा अर्थ मशीन गुंतलेले असताना कार्डातून येणारा डेटा साठवायला जागा उरली नाही. दोन्हींत तो जॉब जातो, मशीन बिघडत नाही. वारंवार येत असतील तर मात्र वायर आणि स्पीड तपासायला हवे, आणि त्यासाठी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे एक छापील पान.

मेनूतून ‘इन्फर्मेशन’मध्ये जा आणि ‘प्रिंट कॉन्फिगरेशन’ निवडा. मशीनच्या पानामागोमाग जेटडायरेक्टचे पान निघते. ते हातात घेऊन शांतपणे वाचा. वरच ‘आय/ओ कार्ड रेडी’ किंवा ‘आय/ओ कार्ड नॉट रेडी’ असे असते. ‘नॉट रेडी’ असेल तर बहुतेक वेळा खाली कारणही छापलेले असते. ‘लॅन एरर - लॉस ऑफ कॅरियर’ किंवा ‘नो लिंकबीट’ म्हणजे वायर, स्विचचा (सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या नेटवर्कच्या डब्याचा) पोर्ट किंवा स्पीड जुळत नाही. ‘लॅन एरर - कंट्रोलर चिप’ किंवा ‘एक्सटर्नल लूपबॅक’ आले तर मशीन बंद-चालू करून आणि वायर व स्विचचा पोर्ट बदलून एकदा बघा. तरीही तेच आले तर कार्ड गेले, वेळ घालवू नका. ‘एआरपी डुप्लिकेट आयपी अॅड्रेस’ म्हणजे तोच आयपी दुसऱ्या कोणाकडे आहे.

त्याच पानावर ‘पोर्ट कॉन्फिग’ अशी ओळ असते. तिथे ‘१००टीएक्स फुल’, ‘१००टीएक्स हाफ’, ‘डिस्कनेक्टेड’ असे काही दिसेल. आणि नेटवर्कच्या आकडेवारीत एकूण किती पॅकेट (डेटाची पाकिटे) आली, त्यांतली किती खराब, फ्रेमिंग एरर किती, ट्रान्समिट कोलिजन किती, लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) किती, हे असते. या आकड्यांकडे सहसा कोणी बघत नाही आणि खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. पान एकदा काढा, दहा-वीस पानांचे दोन जॉब पाठवा, पान पुन्हा काढा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवा. खराब पॅकेट शून्यावरच राहिली तर वायर ठीक आहे. दोन जॉबमध्ये खराब पॅकेट आणि फ्रेमिंग एरर शेकड्यांनी वाढले, किंवा लेट कोलिजन शून्यावरून वर गेले, तर दोष वायरमध्ये नाहीतर डुप्लेक्समध्ये (एकदम दोन्ही दिशांनी बोलायचे की एका वेळी एकाच, या सेटिंगमध्ये) आहे.

डुप्लेक्सचा घोळ असा होतो. कोणीतरी स्विचचा पोर्ट ‘१०० फुल’वर पक्का करून ठेवलेला असतो आणि कार्ड ‘ऑटो’वर असते. ऑटो निगोशिएशनला (दोन्ही बाजूंनी स्पीड आणि डुप्लेक्स आपसांत ठरवण्याला) समोरून उत्तर मिळाले नाही की कार्ड स्पीड ओळखते, पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही आणि नियमाप्रमाणे ‘हाफ’वर जाते. आता एक बाजू दोन्ही दिशांनी एकदम बोलते आणि दुसरी एका वेळी एकच दिशा धरते. पिंग (पत्त्यावर कोणी आहे का हे विचारणारी हाक) उत्तम लागते, कारण पाकीट छोटे असते. एका पानाचे पत्र निघते. चित्रे असलेली पंचवीस पानांची फाइल पाठवली की मशीन रांगायला लागते, मध्येच थांबते, जॉब तुटतो. उपाय सोपा आहे. दोन्ही बाजू ‘ऑटो’वर ठेवा, किंवा दोन्ही बाजू एकाच आकड्यावर पक्क्या करा. एक बाजू ऑटो आणि एक पक्की, असे कधीच ठेवू नका.

वायर तपासायची तर पिंगच्या पाकिटाचा आकार १४७२ बाइट करून शंभर पाकिटे पाठवा. साध्या ३२ बाइटच्या पिंगमधून खराब वायरही पास होते. हाताने क्रिंप केलेल्या (टोकाला कनेक्टर दाबून बसवलेल्या) वायरमध्ये १-२ आणि ३-६ या जोड्या खरोखर पिळलेल्या जोड्याच आहेत ना, ते बघा. चारही जोड्या नुसत्या ओळीने लावल्या तर ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांत जातात. अशी वायर टेस्टरवर सगळे दिवे लावते, १० एमबीपीएसला चालतेही, पण १०० एमबीपीएसला गडबडते.

नवे स्विच जुन्या कार्डांना आणखी तीन प्रकारे त्रास देतात. वीज वाचवणारी ईईई सोय काही जुन्या कार्डांना झेपत नाही आणि लिंक आपोआप तुटते-जुळते, त्या पोर्टवर ती बंद करा. २.५ गिगाबिट किंवा त्याहून वरच्या बऱ्याच पोर्टना १० एमबीपीएस येतच नाही, त्यामुळे फक्त १०बेस-टी असलेले फार जुने कार्ड तिथे उठणारच नाही. तिसरा त्रास स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे नेटवर्कमध्ये वेटोळे होऊ नये म्हणून स्विच घेतो त्या खबरदारीचा. लिंक लागल्यावर स्विचचा पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो. या ३० सेकंदांत कार्ड डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे) पत्ता मागते, उत्तर येत नाही, आणि कार्ड १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता किंवा जेटडायरेक्टचा जुना ठरलेला पत्ता १९२.०.०.१९२ घेऊन बसते. प्रिंटरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघण्याची स्विचची सोय) चालू केले की हे थांबते. स्विचच्या सेटिंगला हात लावायची मुभा नसेल तर मध्ये एक साधा पाच पोर्टचा स्विच लावून बघा. तक्रार गायब झाली तर दोष मोठ्या स्विचच्या पोर्टमध्ये आहे हे सिद्ध झाले, आणि ज्याच्या हातात तो स्विच आहे त्याला पुराव्यासकट सांगता येईल.

पत्त्याबद्दल एवढेच, की प्रिंटरचा आयपी बदलता असू नये. डीएचसीपी सर्व्हरवर कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या कायमच्या हार्डवेअर क्रमांकाला) आयपी राखून ठेवा. नाहीतर वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा आयपी कार्डात हाताने भरा. पट्ट्यातलाच आयपी हाताने भरला तर आज ना उद्या तो दुसऱ्या कॉम्प्युटरला दिला जाईल. शंका असेल तर प्रिंटरची वायर काढा आणि त्याच आयपीला पिंग करा. उत्तर आले तर त्या पत्त्यावर दुसरे कोणी बसले आहे. कार्ड बदलले की मॅक पत्ताही बदलतो हे विसरू नका. जुन्या कार्डाच्या नावाचे आरक्षण नव्या कार्डाला लागू होत नाही, आणि स्विचवर पोर्ट सिक्युरिटी (ओळखीच्या मॅकलाच आत घेण्याची सोय) असेल तर नव्या मॅकला बघून पोर्ट बंदच होतो.

तुमचे कार्ड वापरलेले आहे, म्हणून पुढचा भाग विशेष तुमच्यासाठी. जुन्या मालकाची सेटिंग कार्डातच राहतात. जुना आयपी, अॅडमिन पासवर्ड, एसएनएमपीचे (मशीनची स्थिती विचारण्याच्या पद्धतीचे) नाव आणि सर्वांत फसवी म्हणजे परवानगीची यादी. जेटडायरेक्ट पानावरच्या ‘अॅक्सेस लिस्ट’ या ओळीपुढे ‘नॉट स्पेसिफाइड’ असायला हवे. तिथे ‘स्पेसिफाइड’ असेल तर कार्ड फक्त यादीतल्या पत्त्यांकडूनच प्रिंट घेते. पिंग लागते, ब्राउझरमध्ये कार्डाचे पान उघडते, सगळे ठीक दिसते आणि प्रिंट तेवढी निघत नाही. यावर एकच उपाय, कार्ड लावल्यावर लगेच कोल्ड रिसेट, म्हणजे सगळी सेटिंग पुसून मूळपदावर आणणे. त्याआधी कॉन्फिगरेशन पान छापून ठेवा, कारण कोल्ड रिसेटने मशीनची ट्रे, कागद आणि भाषेची सेटिंगही मूळपदावर जाऊ शकतात. ४२५०वर मशीन चालू करून स्क्रीनवर मेमरीचा आकडा वाढू लागला की मधली टिकची कळ तिन्ही दिवे लागेपर्यंत दाबून धरायची, मग बाणाने ‘कोल्ड रिसेट’वर जाऊन पुन्हा टिक. दुसऱ्या मॉडेलवर कळ वेगळी असते, मशीनच्या पुस्तिकेत बघा.

ब्राउझरमध्ये कार्डाचे पान उघडत नाही म्हणूनही कार्ड खराब ठरवले जाते. सुरक्षित जोडणीची सोय असलेल्या जुन्या कार्डांना टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) १.० पलीकडे काही येत नाही आणि २०२०पासून मुख्य ब्राउझरनी टीएलएस १.० आणि १.१ बंद केले. पत्ता एचटीटीपीएसऐवजी साध्या एचटीटीपीने टाका.

आता ४९चा एरर. याच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. ४९ म्हणजे मशीनच्या फर्मवेअरला मिळालेली आज्ञा त्याला हाताळता आली नाही आणि ते कोलमडले. बहुतेक वेळा कारण एखादी पीडीएफ किंवा चुकीचा ड्रायव्हर. यूएसबीवर असताना हे का दिसले नाही? कारण एकच कॉम्प्युटर, एकच ड्रायव्हर. नेटवर्कवर आल्यावर दहा कॉम्प्युटर जोडले गेले आणि त्यातल्या कोणी विंडोजने सुचवलेला भलताच ड्रायव्हर घेतला. मशीन बंद-चालू केल्यावर एरर पुन्हा का येतो, तेही समजून घ्या. मशीन उठते, पण त्या कॉम्प्युटरच्या स्पूलरमध्ये (जॉब रांगेत ठेवून पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये) तोच जॉब अजून रांगेत उभा असतो. मशीन ‘रेडी’ झाल्याचे दिसताच स्पूलर तो पुन्हा पाठवतो आणि मशीन पुन्हा कोसळते. दिवसभर मशीन बंद-चालू केले तरी हे चक्र तुटणार नाही.

चक्र असे तोडा. प्रिंटरची नेटवर्कची वायर काढा. एकेका कॉम्प्युटरवर ‘प्रिंट स्पूलर’ ही सर्व्हिस थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२मधल्या ‘स्पूल’ फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचा फोल्डर आहे, त्यातल्या सगळ्या फाइली पुसा आणि सर्व्हिस पुन्हा चालू करा. तिथे प्रत्येक जॉबच्या दोन फाइली असतात, एसपीएलमध्ये छापायचा मजकूर आणि एसएचडीमध्ये जॉबची माहिती, दोन्ही जाऊ द्या. फोल्डर पुसू नका, आतल्या फाइलीच. मग वायर लावा आणि एकेका कॉम्प्युटरवरून साधी टेस्ट प्रिंट काढा. ज्या कॉम्प्युटरच्या पाळीला ४९ येईल तिथला ड्रायव्हर काढून या मॉडेलचाच पीसीएल (एचपीची छपाईची भाषा) ड्रायव्हर घाला. सगळ्यांची टेस्ट प्रिंट निघाली पण एका ठराविक पीडीएफनेच मशीन पडत असेल, तर अॅक्रोबॅटच्या प्रिंट खिडकीत ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अॅज इमेज’ निवडा.

कधीकधी कोणी प्रिंट दिलेली नसताना कागदावर कागद निघतात, त्यावर ‘गेट’, ‘एचटीटीपी’ अशा एक-दोन ओळी किंवा निरर्थक चिन्हे असतात. कार्डाचा ९१०० पोर्ट आलेला प्रत्येक शब्द छापायचा मजकूर समजतो. सुरक्षा तपासणारा एखादा स्कॅनर नेटवर्कवरच्या प्रत्येक पोर्टवर चौकशी करत फिरला की अशी पाने निघतात, आणि ४९ही येऊ शकतो. रोज एकाच वेळी होत असेल तर खात्रीच समजा. स्कॅनमधून प्रिंटरचा आयपी वगळायला सांगा.

राहिली ‘ऑफलाइन’ची तक्रार, ती सर्वांत सोपी. ड्रायव्हरमध्ये यूएसबीचे जुने पोर्ट निवडलेले राहिले असेल तर जॉब तिकडेच जातात. विंडोजने आपोआप डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर स्वतः शोधून जोडणारे पोर्ट) जोडले असेल तर तेही बेभरवशाचे. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’वर जाऊन नवे ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ बनवा, आयपी टाका, प्रोटोकॉल ‘रॉ’, पोर्ट क्रमांक ९१००. त्याच खिडकीत ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढा. विंडोज या मार्गाने यूडीपी १६१ वर मशीनची स्थिती विचारते. कार्डात एसएनएमपीचे नाव ‘पब्लिक’ सोडून दुसरे असेल किंवा मध्ये फायरवॉल असेल तर उत्तर येत नाही, आणि चालू मशीन ‘ऑफलाइन’ दिसते.

प्रिंट निघते पण मोठा जॉब मध्येच तुटून उरलेला भाग कचऱ्यासारखा छापला जातो, असे होत असेल तर मशीनच्या मेनूतला ‘आय/ओ टाइमआउट’ बघा. तो मूळचा १५ सेकंदांचा असतो. कॉम्प्युटरला पुढचे पान तयार करायला त्याहून जास्त वेळ लागला तर मशीन जॉब संपला असे धरते, आणि नंतर आलेला तुकडा त्याला नवा जॉब वाटतो. ६० सेकंद करून बघा. जेटडायरेक्ट पानावरचा ‘आयडल टाइमआउट’ २७० सेकंदांचा असतो, तो वेगळा. कोणाचा लॅपटॉप प्रिंट देतादेता झोपला तर कार्ड त्याच्यासाठी तेवढा वेळ जोडणी धरून ठेवते आणि बाकीचे जॉब थांबतात. असे रोजचे झाले असेल तर तो ९०वर आणा, पण शून्य करू नका. शून्य म्हणजे टाइमआउटच बंद, आणि मग एक झोपलेला लॅपटॉप सगळ्यांची रांग अडवून ठेवेल.